गोळी दिली

"दिली?"

"दिली."

"अख्खी?"

"अख्खी."

"थुंकला नाही ना?"

"थुंकतोय कसला! बोटं चाटूनपुसून घेतली माझी."

महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळी बहीणभावाचं एवढं बोलणं व्हायचं. मग बहीण अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि जाळीची गुंडाळी स्कूटरला आवळायची, हातकरवत पिशवीत कोंबायची आणि निर्धास्त मनाने कामाला निघायची. लोकांच्या दाराखिडक्यांना डासांच्या जाळ्या बसवणं हा तिचा धंदा. गिऱ्हाइकं तिला जाळीवाल्या बाई म्हणत. घरात तिला पन्नाशी उलटली तरी चिमी म्हणणारा एकच माणूस उरला होता, तो हा थोरला भाऊ, दादा. त्याची बायको वारली होती, हिने लग्न केलंच नव्हतं, आणि दोघांनी मिळून एक घर, एक गॅस आणि एक कुत्रा एवढा संसार मांडला होता.

कुत्रा तिचा होता. हे आधीच सांगितलेलं बरं. एका बांधकामावर टाकाऊ जाळीच्या ढिगात ते पिल्लू अडकलं होतं, तिने ते कात्रीने सोडवून ओढणीत गुंडाळून आणलं. जिथे बसवलं तिथे बसलं, म्हणून नाव ठेवलं ठोंब्या. पण ती दिवसभर बाहेर, आणि दादा दिवसभर घरी. पुढच्या पायरीवर टेबल टाकून तो लोकांचे पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायचा. टेबलाखाली ठोंब्या. त्याच्या पाठीवर दादाचे पाय. असं वर्षानुवर्षं.

घराच्या एकूण एक खिडकीला तिने स्वतः जाळी ठोकली होती. फक्त पुढच्या पायरीला कशी ठोकणार?

*

ही गोळी घरात आली कशी, तर एका रिकाम्या पट्ट्यामुळे.

ती एका म्हाताऱ्या जोडप्याकडे मापं घ्यायला गेली होती. दाराच्या खिळ्याला कुत्र्याचा पट्टा लटकत होता. ती सहज म्हणाली, "बरं केलंत हो, कुत्र्यांनाही डास चावतातच."

"चावला, म्हणून तर बसवतोय," म्हातारा म्हणाला. "तो गेल्यावर सुचलं."

मग म्हातारीने सांगितलं. डास एका आजारी कुत्र्याला चावतो, मग दुसऱ्याला, आणि चावताना, दिसणार नाहीत इतके बारीक जंत आत सोडतो. ते वाढत वाढत हृदयात जाऊन राहतात, शेवयांसारखे लांब होतात. कुत्रं खोकतं, दमतं, आणि एक दिवस उठतच नाही. महिन्याला एक गोळी दिली असती तर ते जंत लहान असतानाच मेले असते. "एक गोळी हो," म्हातारी म्हणाली, आणि मापाच्या टेपचं टोक तिने धरून ठेवलं होतं ते सोडायचंच विसरली.

त्याच संध्याकाळी गोळ्यांचं पाकीट घरात आलं.

पहिली गोळी तिने स्वतः द्यायला घेतली. जबडा उघडला, गोळी मागे सारली, तोंड मिटून धरलं. ठोंब्याने ती गालात लपवली आणि तिचा हात सुटताच जमिनीवर टाकली. पुन्हा. पुन्हा. शेवटी गिळली, पण त्यानंतर तो पलंगाखाली गेला तो रात्रीच्या भाकरतुकड्यालाही बाहेर आला नाही.

दादा दारात उभा राहून हसत होता. "तुला जमायचं नाही, चिमे. जाळी ठोकतेस तशी गोळी ठोकतेस. माझ्यावर सोपव."

तिने सोपवलं. कुणीतरी आपल्या हातातलं जड ओझं आपणहून घ्यावं, तसं तिला वाटलं. तिने दादाला त्या दिवशी दोनदा चहा करून दिला.

*

खोकला.

आधी वाटलं, घशात काहीतरी अडकलंय. मग वाटलं, दादाच्या टेबलाखालची धूळ. मग एके दिवशी ती स्कूटर लावत असताना ठोंब्या तिच्याकडे यायला निघाला आणि तीन पायऱ्या उतरून खाली यायच्या ऐवजी दुसऱ्या पायरीवरच बसला. जीभ बाहेर. बघतोय तिच्याकडे, जणू जिना लांब झाला असावा.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा थेंब घेतला आणि पट्टीवर टाकला. पट्टीवर रेघ उमटली.

"गोळ्या चालू होत्या?"

"दर महिन्याला."

"मध्ये चुकली असेल एखादी."

"शक्यच नाही. माझा भाऊ देतो. स्वतः जेवायचं विसरेल, पण त्याची गोळी नाही. हो ना रे दादा?"

दादा बाकावर बसला होता. त्याने पट्टा या हातातून त्या हातात घेतला. "हं," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी उजेडात धरून पुन्हा पाहिली. "मग असं व्हायला नको होतं."

"मग गोळ्याच बनावट असणार!" ती म्हणाली.

हे ती म्हणाली. दादा नव्हता म्हणाला. हे त्याने नंतर तिला पुष्कळदा ऐकवलं. पण घरी येताना, ठोंब्याला मांडीवर घेऊन रिक्षात बसलेला असताना, तो एवढं मात्र म्हणाला, "हल्ली काय, काहीही विकतात."

*

औषधांच्या दुकानात त्या दिवशी गर्दी होती, आणि तिला गर्दीच हवी होती.

"कुत्रा म्हणजे काय, तक्रार करायला येणार नाही, म्हणून खडूच्या गोळ्या विकायच्या?"

दुकानदार गोरामोरा झाला. "बाई, काय बोलताय? एवढी वर्षं माझ्याकडून नेताय."

"तेच तर! एवढी वर्षं फसवलंत."

"तुमचा ठोंब्या माझ्या काउंटरवर पाय ठेवून उभा राहतो. मी त्याला खोटी गोळी देईन?"

"तुमच्या घरातल्या कुणाच्या छातीत जंत झाले असते, तर कळलं असतं."

एका बाईने हातातलं खोकल्याचं औषध हळूच काउंटरवर परत ठेवलं. दुकानदाराने ते पाहिलं. तो फार हळू आवाजात म्हणाला, "रिकामं पाकीट आणा. त्यावर छापलेलं सगळं असतं. मी स्वतः कंपनीच्या मागे लागतो. माल खोटा निघाला, तर दुकानाला कुलूप लावेन."

"आणते," ती म्हणाली. "आत्ता आणते."

*

दादा पंख्याची मोटर उघडून बसला होता. टेबलाखाली ठोंब्या कुशीवर पडून होता. सकाळपासून वाटीला तोंड लावलं नव्हतं, तिने हाक मारली तरी फक्त डोळा उघडला.

"चांगला झापला त्याला," ती म्हणाली. "अजून रुबाब करतोय, म्हणे पाकीट आणा. दे रे, एखादं रिकामं पाकीट असेलच कुठेतरी. कचऱ्यात, टेबलाच्या खणात. गोळी काढून—"

ठोंब्याने मान उचलली.

मग पुढचे पाय टेकवले. मग, खोकत, थांबत, मागचे. शेपूट टेबलाच्या पायावर आपटायला लागलं. तो डगमगत दादाच्या गुडघ्यावर चढला आणि त्याने दादाच्या शर्टाच्या खिशात नाक खुपसलं.

ती बघत राहिली.

त्या गोळीचा वास तिला ठाऊक होता. एकदा तिने जिभेला लावून पाहिली होती, पाणी पिऊनही कडवटपणा गेला नव्हता. आणि इथे मरणाच्या दारातलं कुत्रं गोळी म्हटल्यावर उठून नाचत होतं.

"चिमे," दादा म्हणाला.

तिने काही न बोलता त्याच्या खिशात हात घातला. बोटांना मऊ, गोल, किंचित चिकट असं काही लागलं. बिस्किटाचा चुरा दुधात मळून, तळहातावर वळून, उन्हात जरा सुकवून केलेल्या गोळ्या. सगळ्या एका मापाच्या. दादाचा हात तसा सफाईदारच होता.

*

"दिली?"

"दिली." (बिस्किटाची.)

"अख्खी?"

"अख्खी." (तेही खोटं नव्हतं.)

"थुंकला नाही ना?"

"थुंकतोय कसला! बोटं चाटूनपुसून घेतली माझी."

महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळी बहीणभावाचं एवढं बोलणं व्हायचं. मग बहीण निर्धास्त मनाने कामाला निघायची.

*

"मी खोटं कधी बोललो? तू विचारायचीस गोळी दिली का. गोळी दिली."

"बिस्किटाची!"

"कसली ते तू विचारलं नाहीस."

"दादा, तू वकील झाला असतास तर निदान लोकांचं वाटोळं केलं असतंस. घरचं नाही."

"ऐक तरी. तू सोपवल्यावर पहिल्या महिन्यात दिली होती मी. खरी. त्याने ओकून टाकली आणि दोन दिवस माझ्याकडे पाठ करून बसला. टेबलाखाली आला नाही, चिमे. मी हाक मारली तर उठून तुझ्या खोलीत गेला."

"माझ्या खोलीत गेला म्हणून?"

दादाने मोटरचा स्क्रू पिळायला घेतला.

"माझ्या खोलीत गेला, म्हणून तू त्याला मारलंस?"

"असं बोलू नकोस. मला वाटलं, सगळ्या खिडक्यांना जाळ्या आहेत. तू बसवलेल्या. तुझ्या जाळीतून डास येईल असं कुणाला वाटेल?"

हे तिला सगळ्यात जास्त लागलं. एवढ्या वर्षांत त्याने तिच्या कामाचं केलेलं हे पहिलंच कौतुक होतं.

"तो दिवसभर पायरीवर असायचा, दादा. तुझ्या पायाखाली."

दादाने पाय मागे घेतले.

"खऱ्या गोळ्या कुठे आहेत?"

"गोळ्यांच्या डब्यात."

पंख्याच्या बेअरिंगमध्ये ज्या पोलादी गोळ्या असतात, त्यांचा एक पत्र्याचा डबा दादाच्या फळीवर होता. दादाला खिळे, बुश, गोळ्या सगळं एकत्र टाकायची सवय, म्हणून तिनेच कधीतरी त्या डब्यावर रंगाने लिहिलं होतं: गोळ्या. ती अक्षरं तिची होती, ठळक, तिला स्वतःलाच कौतुक वाटलेली. तिने झाकण काढलं. ग्रीस लागलेल्या पोलादी गोळ्यांच्या मध्ये पाकिटं रुतून बसली होती. पहिलं सोडून एकही न फोडलेलं. तिचं अक्षर वर, आणि खाली हे.

"टाकून का नाही दिल्यास?"

"टाकून देणं म्हणजे तुला फसवल्यासारखं झालं असतं," दादा म्हणाला.

तो हे मनापासून म्हणत होता. तेच भयंकर होतं. तिला हसूही आलं आणि हसता हसता ती टेबलाच्या कडेला धरून खाली बसली.

"आणि मी दुकानात जाताना? मी स्कूटर काढत होते, तू समोर बसला होतास. एकदा म्हणाला असतास, चिमे, थांब."

"तू रागात होतीस."

"हो ना. मी रागात होते. तू पेचकस फिरवत होतास."

*

डॉक्टरीणबाई म्हणाल्या:

जंत मारायची इंजेक्शनं कमरेत द्यावी लागतील, दुखतील. पण खरा धोका त्यानंतर. मेलेले जंत हृदयाकडून फुप्फुसाकडे वाहत जातात. कुत्रं शांत पडून असलं, तर शरीर त्यांना हळूहळू जिरवतं. धावलं, उड्या मारल्या, तर ते रक्तवाहिनीत अडकतात आणि सगळं संपतं. कित्येक आठवडे पिंजऱ्यात. फक्त शी-शूपुरतं बाहेर, तेही पट्ट्याला धरून. आनंदाने नाचला तरी तोच धोका, समजलं ना? आनंदही नको.

"याला सगळ्यात जास्त आनंद कुणाला बघून होतो?" त्यांनी विचारलं.

कुणी उत्तर दिलं नाही. ठोंब्याने दिलं. दादा कोपऱ्यात उभा होता, त्याने नुसता पाय हलवला, तर टेबलावर शेपटीचा धपधप आवाज सुरू झाला.

"हे नको," डॉक्टरीणबाई दादाला म्हणाल्या. "तुम्ही लांब राहायचं. तुमचा आवाजही ऐकू येता कामा नये." मग तिच्याकडे वळून, "आणि तुम्हाला बघून?"

"मला बघून..." ती म्हणाली. "शेपटीचं टोक हलवतो. कधी कधी."

"उत्तम! मग तुम्हीच ठेवा त्याला."

त्यांनी ते चांगल्या मनाने म्हटलं होतं. प्रशस्तिपत्रक द्यावं तसं.

*

दादा मागच्या दाराने गेला. बाजारामागे त्याच्या एका मित्राचं गोदाम होतं, तिथे टेबल, मोटरी आणि अंथरूण हलवलं. जाताना त्याने विचारलं, "दुकानदाराला मी जाऊन सांगू?"

"नको. मी सांगेन. तू सांगितलेलं आता कोण खरं धरणार?"

ती गेली. सगळं सांगायचं ठरवून गेली होती, पण दुकानात पोचल्यावर तिला फक्त "माझं चुकलं" एवढंच सुधरलं. दुकानदार बराच वेळ हिशेबाच्या यंत्राची बटणं पुसत राहिला. मग म्हणाला, "कुत्रा कसा आहे?" तेवढंच. त्या खोकल्याच्या औषधवाल्या बाईला आता कुठून शोधून आणणार?

घरात तिने ठोंब्याचा पिंजरा आपल्या खोलीत मांडला. पुढच्या दाराच्या जाळीवर जुनी चादर टाकली, रस्ता दिसायला नको म्हणून. लांबची कामं सोडली, जवळची घेतली, आणि दुपारी एकदा घरी येऊन त्याला बाहेर नेऊन आणू लागली. सुरुवातीच्या सगळ्या गोळ्या डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातच, स्वतःच्या हाताने दिल्या. घरात गोळी हा शब्द बंद झाला. फोनवर गिऱ्हाइकाशी बोलताना डोकेदुखीचा विषय निघाला, तरी ती "ते औषध" म्हणायची.

ठोंब्या पडून असायचा. ती आत आली की डोळा उघडायचा, ती आहे एवढं बघायचा, मिटायचा. बरोबर तेच हवं होतं. त्याचं तिच्यावर तेवढंच प्रेम होतं, आणि तेवढ्यावरच तो जगणार होता.

एकदा दादा आलाच. चादरीपलीकडे पायरीवर त्याची सावली पडली. तो बोलला नाही, खोकलाही नाही, पण चपलेचा घसटण्याचा आवाज कुठे लपतो? आतल्या खोलीत पिंजऱ्याच्या सळ्या हलल्या. ठोंब्या उभा राहिला होता, थरथरत, कुईकुई करत, मग खोकत. तिने धावत जाऊन पुढचं लाकडी दार लावलं. दादाच्या नाकावर. कडी घातली. परत येऊन ती पिंजऱ्यात हात घालून त्याच्या छातीवर तळवा ठेवून बसली. आतमध्ये काहीतरी इतकं जोरात आपटत होतं, की ते काळीज आहे की आणखी काही, हे तिला कळेना.

"नाहीये तो," ती त्याला म्हणाली. "गेला. कुणी नाहीये बाहेर. झोप."

म्हणजे तीही गोळीच देत होती. बिस्किटाची.

*

ठोंब्या जगला.

शेवटच्या तपासणीत पट्टीवर रेघ आली नाही. डॉक्टरीणबाईंनी पिंजरा काढायला सांगितला. म्हणाल्या, आता फिरू दे, भेटू दे सगळ्यांना, फक्त महिन्याची गोळी घरी सुरू ठेवा, आणि या वेळी, त्या जरा थांबून म्हणाल्या, बघून द्या.

पहिल्या तारखेला सकाळी तिने दुकानातून आणलेलं पाकीट फोडलं. तळहातावर गोळी घेतली आणि फार दिवसांनी तो शब्द उच्चारला.

"ठोंब्या, गोळी."

तो उठला. आता खोकला नव्हता, पाय डगमगत नव्हते. तो तिच्याजवळून, तिच्या उघड्या तळहाताजवळून, सरळ पुढच्या दाराकडे गेला आणि चादरीला नाक लावून शेपूट हलवत उभा राहिला.

ती त्याच्या मागे गेली. त्याच्या पाठीशी गुडघ्यांवर बसली. जबडा उघडला, गोळी मागे सारली, तोंड मिटून धरलं. तो तिच्याकडे तिरक्या डोळ्याने बघत राहिला. या वेळी तिने हात सोडला नाही. त्याचा गळा हलला, तिने तो बोटांनी चाचपून खात्री केली, मग पुन्हा तोंड उघडून जिभेखाली, गालात, सगळीकडे बघितलं. मग सोडला. तो पलंगाखाली गेला आणि तोंड भिंतीकडे करून बसला.

फोन वाजला. दादा रोजच करायचा. ती कधी घ्यायची, कधी नाही. आज तारीख त्यालाही माहीत होती.

"दिली?"

"दिली."

"अख्खी?"

"अख्खी."

"थुंकला नाही ना?"

तिने पलंगाखाली पाहिलं. अंधारात पाठ दिसत होती, आणि शेपूट, पायांत घातलेलं.

"थुंकतोय कसला," ती म्हणाली. "बोटं चाटूनपुसून घेतली माझी."

पलीकडे गोदामात कुठला तरी पंखा खडखडत होता. दादाने तो बंद केला असावा, कारण खडखड हळूहळू थांबली.

"हो का," तो म्हणाला. त्याने तिचं खोटं ओळखलं होतं. या वाक्यातलं खोटं त्याच्याइतकं कुणाला ओळखता येणार? मग म्हणाला, "डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? मी येऊ का आता, चिमे?"

"बघू," ती म्हणाली.

लहानपणी त्यांची आई कुठल्याही हट्टाला बघू म्हणायची, आणि बघू म्हणजे नाही, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. तिने फोन ठेवला, पलंगाशेजारी जमिनीवर आडवी झाली आणि पलंगाखाली हात लांब केला. पाठीपर्यंत तो पोचत नव्हता. तिने तो तसाच ठेवला.